दोन बोटं माया

'रॉ' हा शब्द कोणी माझ्यासमोर काढला की मला उठून जावंसं वाटतं. खाणीतून निघालेला कोळसा रॉ असतो. तो उचलतात, इथेच जाळून दुसरीकडे उजेड पाडतात आणि राख आमच्या चंद्रपुरात ठेवतात. माणसाच्या हातचं काम रॉ नसतं. शहनाज आपाचं तर नव्हतंच नव्हतं. मुंबईच्या एका कंपनीचा पोरगा तिच्या दुकानात उभा राहून, तिनंच दिलेला चहा पीत, "मॅम, तुमचा हा रॉनेसच आम्हाला हवाय," असं म्हणाला, तेव्हा आपानं मला हळूच विचारलं होतं, "रॉ म्हंजे काय वो?"

मी म्हटलं, "कच्चं."

"कच्ची शिलाई?" आपा म्हणाली आणि खो खो हसली. टेलरच्या दुकानात याहून मोठी शिवी नाही. त्या पोराला वाटलं, बाई खूश झाल्या. तोही हसला.

आपा जुन्या शहराच्या परकोटाच्या आतल्या एका गल्लीत शिलाईचं दुकान चालवते. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, गळ्यात टेप, आणि तोंडात दोन टाचण्या धरून बोलायची सवय. नवरा गेल्यावर लेडीजबरोबर जेंट्सचं कामही तिनंच पुढे चालवलं. दुकान म्हणजे एक खोली. दोन मशीन, एक आरसा, भिंतभर हँगरला लटकलेले कपडे. या खोलीत, एका फोनवर, तिनं एक विनोदी मालिका काढली. 'आमच्या घरी कोनी नाई' हे तिचं नाव. गोष्ट एवढीच, की एक टेलरबाई आहे, ती कोणाचेच कपडे वेळेवर देत नाही, आणि गिऱ्हाईक दारात आलं की पडद्यामागून ओरडते, "घरी कोनी नाई!" दर आठवड्याला इंटरनेटवरच्या तिच्या चॅनलवर साधारण सात-आठ मिनिटांचा एक भाग. मूल गावापासून थेट शेजारच्या जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यापर्यंत लोक तो पाहायचे. कोळसा खाणींविरुद्धच्या मोर्चाला गेले की आमच्या संघटनेचं पत्रक हातात घेण्याआधी बाया मला विचारायच्या, "या हप्त्याचा भाग आला का वो?"

माझी तिची ओळख झाली ती अपमानातून. मोर्चाच्या कापडी फलकाला काठी घालायला नेफा शिवून हवा होता. फलकावर मी कोळशाच्या धुळीबद्दल एक लांबलचक वाक्य लिहिलं होतं. त्यात प्रशासन होतं, निष्काळजीपणा होता, आरोग्याचा मूलभूत हक्क होता, आणि शेवटी जाहीर निषेध. आपानं ओठ हलवत ते पूर्ण वाचलं.

"हे कोन वाचन?"

"लोक वाचतील."

"लोक रस्त्याच्या बाजूले उभे राह्यतीन, तुमी चालत जासान. अर्धं वाचेपर्यंत तं तुमची पाठ दिसन." तिनं कापड मशीनवर पसरलं, वरून दुमडलं, खालून दुमडलं. मध्ये दोनच शब्द उरले, 'धूळ थांबवा'. "एवढं पुरे. बाकीचं आत दाबून टाकतो. वाटलं तं मंग उसवजा."

मला इतका राग आला की मी आभारही मानले नाहीत. मोर्चात मात्र तेवढाच एक फलक लोकांनी वाचला. तेव्हापासून तिनं माझं नाव ठेवलं 'पत्रकवाली'.

तिची मालिका पाहून लोक म्हणायचे, काय वेगळी शैली आहे! मी तिथं कपड्यांच्या ढिगावर बसून कितीतरी भाग चित्रित होताना पाहिले. ज्याला लोक शैली म्हणत, ती प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी नसण्यातून आली होती.

फोन एकच. तो दोऱ्याच्या रिळांमध्ये घट्ट खोचून मशीनवर ठेवायचा. तिथून दार दिसायचं आणि अर्धा आरसा. म्हणून मालिकेत बोलणारा माणूस दिसतो, ऐकणाऱ्याचा नुसता हात दिसतो किंवा आरशात कान. माईकही एकच, कॉलरला लावायचा. तो कोणाच्या कॉलरला लावणार? आपानं तो एका लाल ब्लाऊजच्या अस्तरात टाचला आणि ब्लाऊज खोलीच्या मधोमध लटकवला. झालं. प्रत्येक पात्र त्या ब्लाऊजकडे तोंड करून बोलू लागलं. भांडण असो, विनवणी असो, ब्लाऊजसमोर. लोक विचारू लागले, हा ब्लाऊज कोणाचा? मग आपानं त्याची गोष्ट केली. एक बाई लग्नाआधी शिवायला टाकून गेली ती आलीच नाही, आणि आता सगळी गल्ली आपली दुःखं त्या ब्लाऊजला सांगते. हसता हसता डोळ्यांत पाणी यायचं. आणि मुळात काय होतं? दुसरा माईक नव्हता.

पंख्याचं तसंच. पंखा चालू ठेवला तर आवाजात घरघर यायची. म्हणून पंखा बंद. चंद्रपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याखाली, पंखा बंद! नटांना एकच घाई, बोलून मोकळं व्हायची. उन्हाळ्यातले भाग म्हणून चिडके आणि चार मिनिटांचे आहेत, हिवाळ्यातले ऐसपैस. एका प्राध्यापकानं आपाला विचारलं, "तुमच्या लयीत हा जो चढउतार आहे, तो जाणीवपूर्वक का?" आपा म्हणाली, "सर, तुमी एक डाव पंखा बंद करून बसा. तुमालेही लय येईन."

दुपारी मोकळा असलेला पुरुष एकच, अशोकभाऊ ऑटोवाला. सगळे पुरुष तोच व्हायचा. पोलीस तोच, पाहुणा तोच, नवरदेवही तोच. आणि कपडे? ते भिंतीवर होतेच, गिऱ्हाइकांचे. एकदा शाळेतले एक मास्तर संतापून दुकानात आले. त्यांचा नवाकोरा सफारी त्यांच्या अंगावर चढण्याआधी अशोकभाऊच्या अंगावर, साऱ्या जिल्ह्यानं पाहिला होता.

"शहनाजबाई, हा काय प्रकार आहे? माझा सफारी!"

"मास्तर, फिटिंग पाहाले घातला होता."

"अशोकच्या अंगावर माझं फिटिंग?"

"त्याले बसला म्हंजे तुमाले ढिला होईन, एवढं तं समजलं ना."

मागे मास्तरांची बायको उभी होती. ती म्हणाली, "तसा त्यायलेच जास्त शोभत होता." मास्तर सफारी न घेताच गेले. तो प्रसंग जसाच्या तसा पुढच्या भागात आला, आणि मास्तर झाला होता अशोकभाऊच, त्याच सफारीत.

पण खरी गोष्ट मायेची. शिवणकामात माया म्हणजे शिलाईच्या पलीकडे आत सोडलेलं जास्तीचं कापड. माणूस जाड झाला तर उसवून वाढवता यावं म्हणून. आपा दोन बोटं माया सोडायची, ब्लाऊजमध्येही आणि मालिकेतही. संवाद संपला तरी ती फोन बंद करायची नाही. नटाला वाटायचं, झालं आपलं. तो खांदे पाडायचा, नाक पुसायचा, स्वतःशी हसायचा, कधी दचकून "झालं का?" म्हणायचा. आपा ते कापायची नाही. "माणूस तिथीच राह्यते," म्हणायची. "आधीचं सारं तं मी लिहून देल्लेलं असते."

त्या मायेतच मैनाबाई आली.

मैनाबाई मोहर्लीच्या पुढच्या एका गावची, गोंड, सत्तरीच्या आसपासची. जंगलातली चारोळी, टेंभरं विकायला ती चंद्रपूरला यायची आणि परतीच्या बसची वेळ होईपर्यंत आपाच्या उंबऱ्यावर सावलीला बसायची. एका दुपारी चित्रण चालू होतं. अशोकभाऊ गिऱ्हाईक होऊन दारात आला, "घरी कोनी हाये का?" पडद्यामागून आपा, "कोनी नाई!" अशोकभाऊ हताश होऊन वळला. प्रसंग संपला. पण उंबऱ्यावरच्या मैनाबाईला वाटलं, हा बिचारा खरंच विचारतो आहे आणि शहनाजला खरंच लपायचं आहे. मैत्रिणीची बाजू सावरायला म्हणून तिनं अशोकभाऊकडे पाहिलं, मान हलवली, आणि गोंडीत गंभीरपणे म्हणाली, "हिल्ले." नाही. घरात कोणी नाही.

अशोकभाऊ तिथेच कोसळला हसून. आपानं ते सगळं तसंच ठेवलं. पुढच्या आठवड्यात दोन्ही जिल्ह्यांत उधारी मागायला आलेल्याला लोक 'हिल्ले' म्हणू लागले.

नंतर मैनाबाई प्रत्येक भागात असायची. तिला आपानं कधी वाक्य दिलं नाही. काय चाललं आहे ते सांगायची आणि म्हणायची, "तुले वाटलं तं बोल." मैनाबाई बहुतेक वेळा काही बोलायची नाही. नुसती बघायची. त्या खोलीतली शहाणी तेवढी एकच, हे पाहणाऱ्याला न सांगता कळायचं. मी एकदा सुचवलं, हिच्या तोंडून वनहक्काचा एक मुद्दा वदवू या. आपानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. सहसा काढत नसे.

"मी तुह्या पत्रकात येऊन हसवतो का? मंग?"

आता किळसवाण्या भागाकडे येते. तो मीच आणला.

मी एका मासिकाच्या अंकात आपावर लेख लिहिला. 'साधनांच्या अभावातून उमललेली सहजता' वगैरे. तो लेख वाचून मुंबईचा तो 'रॉ'वाला पोरगा आला. प्रतीक नाव. त्याच्या कंपनीला ही मालिका मोबाईलवरच्या एका मोठ्या ॲपसाठी नव्यानं करायची होती. त्याला सगळंच आवडलं. रॉनेस आवडला, रस्टिक फील आवडला, आमच्या झाडीबोलीचा फ्लेवर आवडला. भाषेला फ्लेवर म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं. आईस्क्रीमवाले म्हणतात.

आपानं दोनच गोष्टी विचारल्या. "डायरेक्टर कोन?"

"तुम्हीच मॅम. तुमच्याशिवाय कोण?"

"अन् मैनाबाई?"

"त्या तर सोल आहेत शोच्या!"

"तिले बदलवाचं नाई. बाकी काहीही करा. अशोकले काढा, मले काढा. तिले हात लावाचा नाई."

"अजिबात नाही मॅम."

कराराचे कागद इंग्रजीत होते. आपानं ते माझ्याकडे सरकवले. खाणीच्या जनसुनावणीचे कागद मी ओळ न ओळ वाचते, स्वल्पविरामावरून अधिकाऱ्यांशी भांडते. हे मी चाळले. कारण मी आपाकडे बघत होते. ती खडूनं एका काळ्या कापडावर लिहून बघत होती, 'दिग्दर्शक शहनाज'. मग हातानं पुसून पुन्हा, जरा मोठ्या अक्षरात. आयुष्यभर तिचं नाव कपड्याच्या आत, गळ्यामागच्या पट्टीवर शिवलेलं. ते पहिल्यांदा बाहेर येणार होतं. मी म्हटलं, "ठीक आहे, आपा, करा सही."

चित्रण नागपूरला, एका थंडगार मोठ्या हॉलमध्ये. मी आपाबरोबर गेले होते. मैनाबाईला नंतर गाडी पाठवून आणू, असं प्रतीकनं सांगितलं होतं. हॉलमध्ये त्यांनी आपाचं दुकान उभं केलं होतं. पत्रा मुद्दाम गंजवलेला. भिंतीला मुद्दाम ओल आणलेली. आपाच्या भिंतीला कधी ओल नव्हती, ती दरवर्षी चुना मारते. प्रत्येक नटाच्या कॉलरला स्वतंत्र माईक, तरी मधोमध लाल ब्लाऊज लटकत होता, आत काही नसलेला, आणि त्याच्यावरून घाणेरडे विनोद लिहिलेले. तीन कॅमेरे होते आणि ते धरणारी माणसं ते मुद्दाम हलवत होती, गरिबी दिसावी म्हणून. आपाचा फोन एवढ्या भागांत एकदाही हलला नव्हता. रिळांमध्ये खोचलेला फोन हलेल कसा? संवाद संपला रे संपला की कोणीतरी "कट" ओरडायचं. नटाला नाक पुसायलाही उसंत नाही. दिग्दर्शकाच्या खुर्चीत प्रतीक. आपाची खुर्ची बाजूला, तिच्यावर चिठ्ठी, 'कन्सल्टंट'.

तिथवर आपानं चालवून घेतलं. मग ती मुलगी आली.

वीस-बावीस वर्षांची, शहरातली. चेहऱ्याला, हातांना काळा रंग फासलेला. केस विस्कटलेले, गळ्यात कवड्या, हातात मोहाच्या दारूची बाटली. ती झोकांड्या खात दारात आली, उंबऱ्यावर आपटली आणि म्हणाली, "हिल्ले!" सगळा हॉल हसला.

आपानं विचारलं, "हे कोन?"

"टुल्लीबाई," प्रतीक म्हणाला. "मैनाबाईंचंच व्हर्जन आहे मॅम. जरा कॉमिक केलंय. त्या फारच स्टिल होत्या."

आपा उठली. सगळ्यांच्या मधून चालत त्या मुलीपर्यंत गेली. ओढणीचं टोक पाण्याच्या बाटलीत भिजवलं आणि तिचा गाल पुसू लागली. मुलगी हलली नाही. ओढणी काळी झाली.

"किती चांगला रंग हाये वो तुहा. काऊन फासलं हे?"

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "त्यांनी सांगितलं."

"मॅम, कॉमेडी आहे," प्रतीक म्हणाला. "एवढं सेन्सिटिव्ह नका होऊ."

"मैनाबाई दारू पीत नाई," आपा म्हणाली. "अन् पेली असती तरी पडली नसती."

आम्ही बसनं परत आलो. वाटेत तिनं ती ओढणी घडी करून मांडीवर ठेवली होती, काळी बाजू वर. मी म्हटलं, आपा, आत करा ती बाजू, कुर्ता खराब होईल. तिनं ती तशीच राहू दिली.

त्यांनी मालिका काढली. आपाशिवाय. आणि मी न वाचलेल्या ओळीचा अर्थ एका दुपारी कळला. जुने सगळे भागही आता कंपनीचे होते. आपानं फोन उघडला तर तिच्या चॅनलवर एकही भाग नाही. सफारीतला मास्तर नाही, उंबऱ्यावरची मैनाबाई नाही. नुसतं वर नाव, 'आमच्या घरी कोनी नाई', आणि खाली रिकामी पांढरी जागा. हसावं तर कसं? कंपनीनं कायदा मोडला नव्हता, तो मोडायची गरजच पडली नव्हती. एका शिंपिणीचं काम तिच्या सहीनं उचललं आणि त्यातली एकमेव शहाणी बाई दारुडी करून सगळ्या देशाला हसायला दिली. मला या कामाची, त्या हसण्याची आणि माझ्या न वाचण्याची सारखीच किळस येते.

मी कंपनीविरुद्ध चार पानी पत्रक लिहून आपाकडे गेले. तिनं हातात घेतलं नाही.

"हे मैनाबाईले वाचून दाखवशीन?"

मी कागद घडी करून पिशवीत टाकले.

"मंग चाल."

कित्येक आठवडे मैनाबाई चंद्रपूरला आली नव्हती. आम्ही मोहर्लीची बस धरली, पुढे तिच्या गावापर्यंत चालत गेलो. ती अंगणात वाळवण उलटत होती. आपाला पाहून उठली, पाणी दिलं. मग पुन्हा बसून हात चालू. आपा तिच्यासमोर जमिनीवर बसली. नेहमी तोंडात टाचण्या असताना बोलणाऱ्या या बाईला तोंड मोकळं असताना बोलता येईना.

"मोबाईलमंधी पाह्यलं का?" शेवटी म्हणाली.

"पाह्यलं. नातसुनेनं दाखवलं."

"माही चुकी झाली, मैनाबाई. मी सही केली."

मैनाबाईनं वाळवणाची पुढची ओळ उलटली.

"ते तू नोहोस," आपा म्हणाली.

"मले माहीत हाये," मैनाबाई म्हणाली. "मले काऊन सांगतं? बाकीच्यायले सांग."

परतताना ती आमच्याबरोबर बसपर्यंत आली. तिला नको म्हटलं तरी आली. मोहर्लीच्या गेटसमोर दुपारच्या जंगलफेरीच्या जिप्सी गाड्या रांगेत उभ्या होत्या. वाघ बघायला आलेले लोक टोप्या घालून, दुर्बिणी लावून तयार. गेट उघडलं आणि पहिली गाडी सुरू झाली. ड्रायव्हर विक्की, मैनाबाईच्याच गावचा, तिच्या डोळ्यांदेखत वाढलेला. त्यानं तिला पाहिलं, मागच्या पाहुण्यांकडे वळून डोळा मारला आणि ओरडला, "ओ टुल्लीबाई! आज किती झाली?"

मागचे पाहुणे उठून उभे राहिले. "अरे, ती ती ती का? खरीखुरी?" चार फोन वर आले.

मैनाबाई खाली बघत चालत राहिली. तिला सवय झाली होती. ते बघून मला दगड उचलावासा वाटला.

आपा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गाडीच्या नाकासमोर, हातभर अंतरावर. विक्कीनं करकचून ब्रेक मारला.

"उतर."

"ओ आपा!" तो हसला. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, झाडांमध्ये पाहिलं. "शूटिंग हाये का? कॅमेरा कुठी हाये?"

"नाई हाये कॅमेरा. उतर."

"आपा, मस्करी नको. टाइम झाला. गेट बंद होते, मले अंदर नाई सोडत मंग."

"मंग लवकर उतर. तिच्यासमोर उभा राह्य अन् तिचं नाव घे."

मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. एक पाहुणी शेजाऱ्याला म्हणाली, "हाऊ नॅचरल ना!" आणि फोन आपाकडे वळवला. आपानं तिकडे पाहिलंही नाही. तिची उंची गाडीच्या बॉनेटपेक्षा जेमतेम जास्त. ओढणी धुळीनं भरलेली. गेटवरचा माणूस घड्याळ दाखवत होता. विक्की कुरकुरत उतरला. मैनाबाईसमोर येऊन उभा राहिला. ती आता त्याच्याकडे बघत होती, सरळ, आणि त्याची मान खाली गेली.

"मैनाबाई," तो पुटपुटला आणि गाडीकडे वळला.

आपा रस्त्यातून हलली नाही. तिनं रांगेतल्या शेवटच्या गाडीपर्यंत नजर टाकली.

"मांगच्या गाडीले आयकू नाई गेलं," ती म्हणाली. "आखीन एक डाव."